ढोलवालीचं लक्ष

आमच्या कॉलेजात मुलींचं ढोलपथक मोठं मानाचं. मुलांच्या पथकात ढोलाचे दोर आवळायला आणि पाणी द्यायला जाणाऱ्या मुलींना या मुलींच्या पथकात थारा नसे. कुमुद भोईटे दोन वर्षं तेच काम करत होती. ढोल तिच्या हाती कुणी दिला नव्हता. शेवटच्या वर्षी ती धीर करून मुलींच्या पथकाकडे आली.

पथकप्रमुख चारुशीलाने तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"मिरवणुकीत तुझं ते जुनं पथक समोर आलं, तर तुझं लक्ष कुठे असेल गं?"

मुली गालात हसल्या. 'तुमच्याकडे' म्हणावं तर कुणाला पटणार नव्हतं, 'तिकडे' म्हणावं तर संपलंच.

"ताशाकडे," कुमुद म्हणाली. "ढोलवालीचं लक्ष ताशावरून हललं की ठेका चुकतो. पण चारुताई, मी कुठे बघते हे तुम्ही बघत बसलात, तर तुमचा ठेका कोण सांभाळणार?"

कुणी हसलं नाही. चारुशीलाने ताशावाल्या वत्सलाकडे पाहिलं.

"चारू, गेल्या मिरवणुकीत चौकात तुझा ठेका चुकला, तेव्हा समोर मुलांचंच पथक होतं ना?" असं विचारत वत्सलाने एक ढोल कुमुदपुढे सरकवला.