देवाची परडी आणि माशीचा वाटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मुंग्या-माश्यांना बोलता येई आणि माणसांना ऐकायला सवड असे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे भागाआत्या नावाची एक म्हातारी राहायची. माणसांत एकटीच, पण तिचं परस भरलेलं. जास्वंद, तगर, झेंडू, तुळशींची रांग आणि कडेला कोथिंबिरीचा वाफा. सगळं कसं लख्ख! एखादं वाळकं पान दिसलं तरी म्हातारीला घास गोड लागत नसे.

तिची पूजा पंचक्रोशीत गाजलेली. उजाडायच्या आत ती परडी घेऊन निघे आणि परसातलं एकूण एक फूल खुडून आणी. तुळशीच्या मंजिऱ्यासुद्धा सोडत नसे. देव फुलांत असा बुडून जाई, की नाक तेवढं दिसे. बायका बघायला येत आणि म्हणत, "पूजा बघावी तर आत्यांची!"

"माझं कसलं बाई, त्याचंच त्याला," असं आत्या म्हणायची, आणि मनातून फुगायची. आपणही फुगलो असतो, खोटं कशाला बोला!

त्या साली मात्र तिच्या जिवाला घोर लागला. सासरी येताना आईने तिच्या पदराला भोपळ्याच्या बिया बांधून दिल्या होत्या. तसा गोड भोपळा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. दर साल ती बी राखत आली होती. पण यंदा उंदरांनी गाडगं फोडलं आणि तीनच बिया हाती लागल्या. एक मातीत कुजली, दुसरीचा कोंब गोगलगाईने खाल्ला. तिसरीचा वेल तेवढा छपरावर चढला.

वेलाला फुलं आली. ती मात्र आत्याने परडीत घेतली नाहीत. फुलांमागे लिंबाएवढे भोपळेही दिसू लागले. आत्या हरखली. पण चार दिवसांत ते पिवळे पडले आणि टपाटप गळले. पुन्हा आले, पुन्हा गळले.

शेजारची ठकूवहिनी म्हणाली, "दृष्ट लागली हो आत्या. मीठमोहऱ्या ओवाळा."

आत्याने तेही केलं. जगाची दृष्ट भोपळ्याने काढतात, हिने भोपळ्याचीच काढली! काही उपयोग झाला नाही. हा वेल वाळला की आईची खूण जगातून गेली, या विचाराने ती वेलाखाली बसून रडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे परडीत जास्वंदीच्या पाकळ्यांतून बारीक आवाज आला. "आत्याबाई, जरा जपून! मी आत निजलेय."

आत्याने पाकळी उलगडली. आत एक मधमाशी होती. काल वाट चुकून ती या परसात आली होती आणि रात्रीपुरती फुलात शिरली होती.

"बरी भेटलीस," आत्या म्हणाली. "माझा भोपळा का गं धरत नाही?"

"एका फुलातली पिवळी भुकटी दुसऱ्या फुलात गेल्याशिवाय भोपळा धरत नाही. ती आमच्या अंगाला लागून जाते. आणि आम्ही तर येतच नाही तुमच्याकडे."

"इतकी वर्षं येत होतात ना?"

"तेव्हा कुंपणापलीकडे रानफुलांचा माळ होता. तिथे जेवायचो आणि जाता जाता तुमच्या वेलावर टेकायचो. यंदा गावाने माळ नांगरला. आता दोन भोपळ्याच्या फुलांसाठी डोंगर उतरून कोण येणार? बाकीचं ताट तर तुम्ही पहाटेच उचलता."

आत्याला लागलं. "देवाला फुलं वाहू नको म्हणतेस?"

"वाहा की, ओंजळभर वाहा. बाकीची फांदीवर राहू द्या."

"बरं, मग राजाच्या माळ्याकडून शंभर पाकळ्यांचे गुलाब आणून लावते तुमच्यासाठी."

माशी हसली. "त्यात आम्हाला शिरायला वाटच नसते. साधी, उघडी फुलं लावा. तुळशीच्या मंजिऱ्या असू द्या. कोथिंबीर फुलू द्या. कुंपणाला तीळ पेरा, त्यामागून कारळे, शेवग्याची एक फांदी रोवा. एक संपलं की दुसरं फुललं पाहिजे. एक महिना जेवण आणि अकरा महिने उपास, असं घर आम्हाला परवडत नाही."

असं म्हणून ती उडून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्याचा हात सवयीने फांदीकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने पाच फुलं घेतली. त्या दिवशी देवाचा चेहरा कित्येक वर्षांनी पुरता दिसला, पण बायकांनी तो पाहिला नाही. त्या एकमेकींकडे पाहत निघून गेल्या. "आत्यांची भक्ती आटली," असं पाणवठ्यावर बोललं गेलं. कोथिंबीर म्हातारी होऊन पांढरी फुलली, तेव्हा ठकूवहिनी म्हणाली, "परसाचं रान झालं की हो!" आत्याला फार वाईट वाटलं. तरी परडी पाच फुलांवरच राहिली.

आधी तुळशीवर एक माशी आली. मग दहा आल्या. इकडे वेल पिवळा पडत चालला होता आणि त्यावर मागे इवला भोपळा असलेली एकच कळी उरली होती. ती उमलली त्या सकाळी आत्या श्वास रोखून उभी राहिली. माश्या कोथिंबिरीवरून वेलावर गेल्या, शेजारच्या फुलातून पिवळ्याधमक होऊन निघाल्या आणि त्या एका फुलात शिरल्या.

चार दिवस गेले. भोपळा गळला नाही. आठ दिवसांनी तो मुठीएवढा झाला. आत्या त्याच्याशी लेकरासारखी बोलू लागली.

पिकल्यावर तिने तो सगळ्या बायकांसमोर चिरला. आत बियाच बिया. प्रत्येकीने पदर पुढे केला. आत्या म्हणाली, "देते, पण परसातली निम्मी फुलं फांदीवर ठेवीन, असं कबूल करा."

"आणि मग देवाच्या पूजेचं काय, आत्या?" ठकूवहिनीने विचारलं.

आत्याने गुणगुणणाऱ्या तुळशीकडे बोट दाखवलं. "ती काय, चाललीय."

पुढच्या साली त्या गावात एकही छप्पर भोपळ्यावाचून राहिलं नाही.

म्हणून बाळांनो आणि थोरांनो, लक्षात ठेवा: अंगणातलं सगळंच आपण उचललं, तर आपल्याला देणारा त्या अंगणात येत नाही.