आबांची मोटार आणि भैरूची घासाघीस

पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात एक भोळा माणूस होता. नाव भैरू. वय चाळीस, अंगानं दणकट, मनानं निर्मळ. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा. त्यात स्वतःची अक्कल मिसळायचा नाही. मिसळायला ती असावी लागते.

हा भैरू आबा नलवड्यांकडे कामाला होता. आबांकडे एक जुनी मोटार होती. साठ-बासष्ट सालची, काळी, गुबगुबीत. पूर्वी हा शौक आबांना परवडायचा. मोडीच्या बाजारात गेलं की हवा तो सुटा भाग चहापाण्याच्या पैशात मिळायचा. मग शहरातल्या पैसेवाल्यांना जुन्या गाड्यांचं वेड लागलं आणि मोडीला सोन्याचा भाव आला. चार टायर घ्यायचे तर बैलजोडी परवडली. आबांच्या घरावर नऊ वर्षं पत्रे होते आणि गाडीच्या खोलीवर पक्का स्लॅब. पावसाळ्यात आबांच्या पत्नी शेवंताकाकी स्वयंपाकघरात पातेली मांडायच्या आणि म्हणायच्या, "मला बी त्या गाडीत निजू द्या एकदा. कोरडी तरी ऱ्हाईन."

त्या वर्षी कोल्हापुरात जुन्या मोटारींचा मेळावा भरणार होता. आबा म्हणाले, "भैरू, गाडी चकचकीत कर. तोंड दिसलं पाहिजे."

"व्हय आबा."

भैरूनं चिंच घेतली, राख घेतली, काथ्या घेतला. गाडीच्या नाकाडावर पितळेची एक पट्टी होती. तिच्यावर गाडीचा मूळ नंबर आणि साल कोरलेलं होतं. भैरूनं तीत तोंड बघितलं. तोंड दिसलं, पण नाकावर सहाचा आकडा आला. त्यानं आणखी घासलं. काथ्यानं भागेना तेव्हा कानस आणली. संध्याकाळपर्यंत पट्टी आरशासारखी झाली. आकडे गेले, साल गेलं, तोंड मात्र स्वच्छ दिसू लागलं.

आबांनी कपाळाला हात लावला. गाडी अस्सल आहे हे सिद्ध करायला आता पुण्याहून जाणकार बोलवावा लागणार होता. त्याची फी नऊ हजार.

"गाढवा, जुन्या वस्तूचं मोल जुनेपणातच असतंय! जेवढी जुनी तेवढी मोलाची. एवढं ध्यानात ठेव."

"ठेवलं," भैरू म्हणाला. आणि खरंच ठेवलं.

चार दिवसांनी पुण्याचे जाणकार आले. सोनेरी चष्मा, पांढरी टोपी, हातात भिंग. काकी म्हणाल्या, "भैरू, पाव्हण्यांना फराळाचं दे काय तरी."

भैरू आत गेला. एका डब्यात सकाळीच वळलेले बेसनाचे लाडू होते. माळ्यावर मागच्या दिवाळीतल्या करंज्या होत्या आणि आता चैत्र उजाडला होता. भैरूनं विचार केला, लाडू आजचे, करंजी पाच महिन्यांची. पाहुणे एवढे पुण्याहून आले, त्यांना कमी मोलाची वस्तू कशी द्यायची? त्यानं करंज्या चांदीच्या ताटलीत मांडून नेल्या.

जाणकारांनी एक चावली. कट्‌ असा आवाज झाला. करंजी शाबूत होती.

दाताचा खर्च आबांच्या अंगावर आला. जाणकार गालाला रुमाल लावून निघाले आणि जाता जाता म्हणाले, "परवा माझा सहकारी येईल. त्याला फक्त पाणी द्या."

आबा भैरूवर उखडले. "अरे येड्या, पाव्हणा येणार म्हटल्यावर घरातलं जुनं काढून टाकायचं आणि नवंकोरं पुढं ठेवायचं! कळलं?"

"कळलं," भैरू म्हणाला. एवढं सोपं आबांनी आधीच सांगितलं असतं तर बिचाऱ्यांचा दात वाचला असता, असं त्याला मनापासून वाटलं.

परवाचा दिवस उजाडला. पाहुणे अकराला येणार होते. भैरू पहाटेच कामाला लागला. गाडीवर सगळ्यात जुनं काय? तर पुढचे दोन दिवे. काचा पिवळट, कडा काळपट. हेच दिवे मिळवायला आबांनी दोन वर्षं चार जिल्हे पालथे घातले होते. भैरूनं ते उपटले. दारावर जंबू भंगारवाला आला होता. त्यानं वजन केलं आणि ऐंशी रुपये दिले. भैरूनं त्याच्याकडूनच ट्रॅक्टरचे दोन दिवे घेतले, नवेकोरे, वर झालर असलेले. ते तारेनं घट्ट बांधले.

पाहुण्यांनी गाडी पाहिली आणि पाणीही न पिता निघून गेले.

आबा धावत जंबूकडे गेले. मागोमाग भैरू. जंबूनं दिवे तोवर गादीवर ठेवले होते आणि त्यांना उदबत्ती लावली होती.

"बावीस हजार," जंबू म्हणाला.

"अरे, सकाळी ऐंशीला घेतलेस की!"

"सकाळी ते भंगार हुतं आबा. आता दुर्मीळ झाल्यात."

भैरू म्हणाला, "द्या की आबा. बिचाऱ्यानं उदबत्ती बी लावलीया."

आबांनी पैसे मोजले. वाटेत त्यांचा तोल सुटला. "भाव असा मागेल तसा द्यायचा नसतो रे! ऐक. समोरचा सांगेल त्याच्या निम्मं म्हणायचं. तो पुन्हा आकडा बोलला की पुन्हा निम्मं. मग पाठ फिरवून चालू लागायचं. तीन हाका मारल्याशिवाय वळायचं नाही. आधी वळला तो बुडाला!"

"तीन हाका," भैरू म्हणाला आणि त्यानं तीन बोटं मोजून बघितली.

त्या रात्री वळीव झाला. सकाळी काकींनी पातेली आवरता आवरता शांतपणे सांगितलं, "मेळाव्यात लई गिऱ्हाईकं येत्यात म्हणं. गाडी इका. आलेल्या पैशात घरावर स्लॅब घाला. न्हाईतर मी चालले म्हायेरी, भावाच्या स्लॅबखाली."

आबा उठून गाडीपाशी गेले. काकींचं खरं होतं, आणि खरं असलं की भांडता येत नाही. वडिलांनी घेतलेली गाडी. हिच्यातूनच आबांची वरात निघाली होती. त्यांनी तिच्या टपावर हात ठेवला आणि म्हाताऱ्याचे डोळे भरले. भैरूला ते बघवलं नाही. या खेपेला काही झालं तरी आबांच्या मनासारखं काम करायचं, असं त्यानं ठरवलं.

मेळाव्याचं मैदान फुलून गेलं होतं. आबांनी किल्ली भैरूच्या हाती दिली. "मला नाय रे बघवत. मी तिकडं चहाच्या गाड्यावर बसतो. गिऱ्हाईक आलं तर भाव कर. कसा करायचा ते सांगितलंय न्हवं?"

"पाठ हाय," भैरू म्हणाला.

थोड्याच वेळात मुंबईचे एक शेठ आले. गाडीभोवती तीन चकरा मारल्या, वाकून खाली पाहिलं. भैरूनं किल्ली दिली. शेठनी आत बसून इंजिन चालू केलं आणि कान देऊन ऐकलं. चेहरा खुलला.

"उगाच खेचाखेची नको," शेठ म्हणाले. "आठ लाख देतो."

"चार," भैरू म्हणाला.

शेठनी कानात बोट घालून हलवलं. "चार लाख?"

"दोन."

"दोन लाखाला देताय ही गाडी?"

"एक."

शेठनी इकडं तिकडं पाहिलं. कोणी थट्टा करतंय का? पण भैरूच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. "एक लाख," शेठ हळूच म्हणाले.

"पन्नास हजार."

"पन्नास हजार?"

"पंचवीस!" एवढं ठणकावून भैरूनं पाठ फिरवली आणि चालू लागला.

"अहो! अहो मामा, पंचवीस हजार घेऊन तरी जा!"

एक हाक झाली. भैरूनं एक बोट दुमडलं आणि न वळता ओरडला, "साडेबारा!"

"अहो, थांबा! साडेबारा घ्या!"

दोन झाल्या. "सव्वासहा!"

शेठनी मग तोंड मिटलं. आणखी एक हाक मारली तर हा माणूस आपल्यालाच वर पैसे देईल, अशी त्यांना भीती वाटली असावी.

भैरू ताठ मानेनं चहाच्या गाड्यापाशी पोचला. आबा बशीत चहा ओतत होते.

"काय रं? आलं कुणी?"

"आलंय. मुंबईचं शेठ हाईत. आठ लाखापासनं सुरुवात केली त्यांनी."

आबांचे डोळे चमकले. "आठ! आरं वा! मग?"

"मग काय, आबा, म्या सोडतोय व्हय? घासून घासून सव्वासहा हजारावर आणलाय."

आबांच्या हातातली बशी कलली. चहा धोतरावर सांडला. तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून काळी, गुबगुबीत मोटार बाहेर पडताना त्यांना दिसली. फाटकातली गर्दी हटवायला तिनं लांबलचक भोंगा वाजवला.

भैरूनं तिसरं बोट दुमडलं.

"आबा," तो म्हणाला, "झाल्या तीन. आता वळू?"