गाऱ्हाणं एक पैसा, उत्तर दोन पैसे

हिरडनगरचा राजा भानुसेन कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे गावातला जो तो त्यावर त्याला शहाणपण शिकवत होता.

शिकवणाऱ्यांत पहिला मान नागोजी तांबोळ्याचा. वेशीजवळ त्याचं विड्याचं दुकान होतं. एक पान लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तो सगळा राज्यकारभार सुधारून द्यायचा. चुना लावताना कर, कात लावताना अन्नछत्र, सुपारी कातरताना घाटापलीकडून आलेली माणसं.

"कर भरायचे आम्ही, फुकट जेवायचं आळशांनी, आणि उरलंसुरलं न्यायचं बाहेरच्यांनी. राजा आहे की झोपला आहे?" असं म्हणून तो विडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा.

एक दिवस ते गिऱ्हाईक राजाचा हुजऱ्या निघालं.

नागोजीला दरबारात उभं केलं, तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मी झोपलेलो नाही," राजा म्हणाला. "मी कर वाढवले, तुम्ही बोंब मारलीत. अन्नछत्र बंद केलं, तर तुमच्याच म्हाताऱ्या वाड्यासमोर येऊन रडल्या. घाटापलीकडच्यांना जायला सांगितलं, तर विहिरी कोण खणणार म्हणून तुमचेच बागाईतदार पाया पडायला आले. आता तू कर. अमावास्येला सावकाराचा माणूस व्याजाला येतोय. ते व्याज तू उभं करायचं. नवा कर बसवायचा नाही, अन्नछत्र बंद करायचं नाही, एकाही माणसाला हाकलायचं नाही. जमलं तर बक्षीस. नाही जमलं तर दुकान जप्त आणि गाढवावरून धिंड."

नागोजी घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. बायको भिवरा भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कधीतरी गप्प बसायला काय होतं हो तुम्हाला?"

"तेच तर जमत नाही, भिवरे. कुणी सोन्याचं कडं दिलं तरी माझ्याच्यानं गप्प बसवणार नाही. उलट बोलायला मिळावं म्हणून मी पदरचे पैसेसुद्धा..."

तो तिथंच थांबला. मग उठला, पागोटं डोक्यावर चढवलं आणि भाकरी न खाताच राजवाड्याकडे निघाला.

राजाकडे त्यानं दोनच गोष्टी मागितल्या. वेशीबाहेरचा पडीक चौथरा, आणि त्यावर उभं राहून कुणी काहीही बोललं तरी शिक्षा नाही, असं अभय. राजानं दोन्ही दिली.

सकाळी दवंडी पिटली : "मनातलं गाऱ्हाणं चौथऱ्यावर चढून बोला. राजाबद्दल बोला, कराबद्दल बोला. एका गाऱ्हाण्याला एक पैसा."

माणसं जमली, पण वर कुणी चढेना. शेवटी नागोजीनं स्वतःचाच पैसा चौथऱ्याशेजारी ठेवलेल्या रांजणात टाकला आणि चढला. एकदा तोंड सुटल्यावर त्याला भान राहिलं नाही. "ही फुकट जेवणारी जमात," तो हात नाचवत म्हणाला, "हिला लाज कशी वाटत नाही?"

"अहो, परवा एकादशीचा उपास सोडायला अन्नछत्रात कोण गेलं होतं?" खालून भिवरेचा आवाज आला. "दोनदा खीर मागितलीत म्हणे."

गर्दी खदखदून हसली. नागोजीचे कान लाल झाले. तिला गप्प करायला तो घाईघाईनं म्हणाला, "उलट उत्तर द्यायचं तर दोन पैसे पडतात!"

भिवरेनं शांतपणे कनवटीची गाठ सोडली, रांजणात दोन पैसे टाकले, आणखी दोन टाकले. "आणि बाहेरच्यांना नावं ठेवताय, तर मामंजींचे वडील कुठून आले होते? घाटापलीकडूनच ना, खांद्यावर पानांची करंडी घेऊन?"

त्यावर मागं उभ्या असलेल्या सोनाराला उत्तर सुचलं. त्यानं दोन पैसे टाकले. त्याला उत्तर द्यायला घाटापलीकडचा विहीर खणणारा पुढं आला. त्याच्यावर बागाईतदार उखडला. अन्नछत्रातल्या म्हाताऱ्यांनी वर्गणी काढून आमटी पातळ असल्याचं गाऱ्हाणं मांडलं. सरदारांना घरी कुणी बोलू देत नसे, ते पालखीतून येऊन रुपये टाकू लागले. भिवरेनं दुसरा रांजण आणवला, मग तिसरा.

अमावास्येला सावकाराचा माणूस व्याज मोजून घेऊन गेला, आणि एक रांजण तरीही उरला.

प्रधानजींना हे पचलं नाही. चौथऱ्यापाशीच ते राजाला म्हणाले, "महाराज, नवा कर नको अशी अट होती. हा करच आहे."

"प्रधानजी," नागोजी म्हणाला, "करवसुलीचा शिपाई आला की माणसं मागच्या दारानं पळतात. इथं पुढं घुसण्यासाठी एकमेकांचे अंगरखे फाडतायत. असा कर आपण कधी पाहिलाय?"

राजा चौथऱ्याकडे पाहत राहिला. मग हळूच वर चढला. आधी घुटमळला, पण नंतर बोलतच सुटला. प्रजा कशी, प्रधान कसे, सासरे कसे, वाड्याचं छप्पर गळतं ते कसं. दिवेलागण झाली तेव्हा कुठं खाली उतरला. चेहरा धुतल्यासारखा हलका झाला होता.

नागोजीनं हात पुढं केला. "महाराज, पैसा."

राजाजवळ पैसा कुठून असणार? त्यानं बोटातली अंगठी काढून रांजणात टाकली. "माग, नागोजी. नाही, मीच देतो. आजपासून जन्मभर तुला कर माफ."

नागोजीचं तोंड एवढंसं झालं. "महाराज, व्याज तर मी उभं केलं. मग ही शिक्षा कशाची? कर माफ झाला तर मी उद्यापासून बोलू कशावर?"

राजा इतका हसला, की त्याला चौथऱ्याला धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत तो म्हणाला, "बरं, तुझा कर कायम. हा चौथरा तुझ्या नावावर, आणि रोजचं एक गाऱ्हाणं तुला फुकट."

"आणि त्यावरचं उत्तर, महाराज?"

राजानं रांजणाशी उभ्या असलेल्या भिवरेकडे पाहिलं. "उत्तरं यांना फुकट. हवी तितकी!"