इनामदाराच्या तोंडाचा देव

फार पूर्वी एका नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि गावाची सुईण राहायची पलीकडे. पावसाळ्यात नदी फुगली की जायला होडी एकच, ती इनामदाराची. त्याला लहर आली तर सुटायची, नाहीतर खुंट्याला. मागल्या आषाढात कुंभाराची सून अडली. कुंभार हात जोडून इनामदाराच्या दारात बसला. होडी काही सुटली नाही. सून गेली, पोटातलं बाळही गेलं.

त्या गावात मुखवटे करणारी एक बाई होती. यंदा तिची लेक गरोदर होती आणि दिवस भरणार होते ऐन श्रावणात. पण रडत बसेल ती बाई कसली!

तिनं ढोलक्याला आणि शिंप्याला बोलावलं. म्हणाली, "आपल्याकडे धन नाही, पण हातात कला आहे ना? चैत्राच्या जत्रेत सोंगं नाचवू. मुखवटे माझे, ढोल तुझा, कपडे शिंपीदादांचे. मोबदला कुणी घ्यायचा नाही. झोळीत जे पडेल त्यातून गावाची होडी करायची."

"ठरलं!" ढोलक्यानं मांडीवरच थाप मारली.

बाईनं कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले, रंगवले. राम, रावण, नारद, सगळे उन्हात वाळत ठेवले. तेवढ्यात इनामदार आला.

"वा वा! होडीचा सगळा खर्च माझा," तो म्हणाला. "फक्त रामाला माझं तोंड दे. मिशीसकट."

शिंपी हळूच म्हणाला, "बाई, देऊन टाक गं. मिशीच तर रंगवायचीय."

बाईलाही मोह पडला, खोटं कशाला बोला! लेकीचं पोट डोळ्यांपुढे होतं. पण समोरून कुंभार मान खाली घालून चालला होता. त्याला पाहिलं आणि बाईच्या मनात आलं, इनामदाराच्या पैशाची होडी म्हणजे पुन्हा त्याच्याच खुंट्याला.

"इनामदारसाहेब," ती म्हणाली, "ही कला आम्ही गावाला दान दिलीय. तुमचं तोंड रंगवायला नाही."

"एवढा माज? बघतोच कशी सोंगं नाचवता ती!" इनामदारानं माणसं पाठवून सगळे मुखवटे उचलून नेले. जत्रेत राम म्हणून आपणच मिरवायचं, असं त्यानं ठरवलं. रामाला घोड्याच्या केसांची मिशीसुद्धा चिकटवून घेतली.

ढोलक्या डोक्याला हात लावून बसला. "संपलं सगळं, बाई."

"संपतंय कसं? मुखवटे नेले, तोंडं कुठे नेली?"

तिनं गेरू कालवला, काजळ घेतलं, तांदळाचं पीठ भिजवलं आणि सरळ माणसांची तोंडंच रंगवायला घेतली. कुंभार म्हणाला, "मला राम कर." तिनं केला.

इकडे इनामदाराची वेगळीच फजिती झाली. सोंगाचा मुखवटा माणसाच्या तोंडाहून खूप मोठा असतो, त्यामुळे त्याचे रंगवलेले डोळे नाचणाऱ्याच्या कपाळाच्याही वर येतात. म्हणून बघण्यासाठीची भोकं बाई अगदी शेवटी पाडायची. ज्याचं सोंग त्याच्या तोंडावर मुखवटा धरायची आणि मग नाकपुडीपाशी भोक पाडायची. नेले तेव्हा मुखवट्यांना भोकं नव्हतीच. इनामदाराच्या माणसांनी घाईघाईत रंगवलेल्या डोळ्यांतच भोकं पाडली.

उन्हं कलली. नदीकाठी इनामदाराची सोंगं निघाली. मुखवट्यातून दिसत होतं नुसतं आभाळ! नारद रावणावर आदळला, रावण जिलेबीच्या कढईपासून थोडक्यात वाचला. आणि मिशीवाला राम ऐटीत चालत चालत थेट नदीत गेला. कमरेपर्यंत चिखलात रुतला.

"अरे, होडी आणा! कुणीतरी होडी सोडा!"

त्याची माणसं मुखवटे ओढून काढण्यातच गुंतली होती. सगळे कुंभाराकडे बघू लागले. खुंटा त्याच्या पायाशीच होता.

कुंभारानं कुणालाही न विचारता होडी सोडली. इनामदाराला हात दिला, ओढून आत घेतलं.

"अडलेल्या माणसासाठी होडी अशी सोडायची असते, साहेब," रंगवलेल्या तोंडाचा राम म्हणाला. "त्या दिवशी मी दारातच बसलो होतो."

मग ढोलक्यानं असा ढोल बडवला म्हणून सांगू! रंगवलेल्या तोंडांची सोंगं संध्याकाळभर नाचली. झोळी भरली, कुणी सागाची फळी दिली, कुणी दोर. सुतारानं मजुरी नको म्हणून सांगितलं.

आषाढ लागायच्या आत गावाची होडी पाण्यात उतरली. तिच्यावर बाईनं कुणाचंही तोंड काढलं नाही. आणि श्रावणात, नदी दुथडी वाहत असताना, कुंभार स्वतः वल्हवत सुईणीला घेऊन आला. बाईला नात झाली.

तात्पर्य: आपली कला दान करावी ती ताठ मानेनं. त्या दानावर स्वतःचं तोंड चिकटवायला जो येईल, तो कितीही मोठा असो, त्याला तोंडावर 'नाही' म्हणावं.