पळसपानाची मागची बाजू

नदीच्या अलीकडे सागाचे मोठे रान होते आणि त्या रानात एक घार राहत असे. घार म्हटली की तुम्हाला उंदीर आणि कोंबडीची पिल्ले आठवणार, मला ठाऊक आहे. पण मुलांनो, ही घार नोकरदार होती! रानाचा राजा सिंह, त्याचा फुटबॉलचा संघ होता, आणि त्या संघासाठी चांगले खेळाडू हेरून आणायचे काम घारीकडे होते. तिला सगळे पारखीबाई म्हणत. रानात ठिकठिकाणी शाळा होत्या आणि प्रत्येक शाळेला मैदान होते. वेलींनी विणलेला गवताचा चेंडू घेऊन पोरे तिथे दिवसभर धुडगूस घालत. घार आभाळातून त्यांचा खेळ बघे, मग खाली उतरून त्यांच्या मास्तरांशी बोले आणि वर्षाला एक खेळाडू निवडून राजाकडे नेई. थंडी सरता सरता नदीपलीकडच्या वाघाच्या संघाशी मोठा सामना होई, त्यासाठी ही सगळी धावपळ.

या कामाची एक जुनी रीत होती. खेळाडू पसंत पडला की त्याच्या मास्तरांनी पळसाचे एक पान पारखीबाईंना द्यायचे. पानाच्या पुढच्या बाजूला नखाने किंवा चोचीने खेळाडूचे गुण कोरायचे आणि मागच्या बाजूला त्याचे दोष. रीत फार चांगली, पण पाळतो कोण? सगळ्या शाळांची पाने पुढून गच्च भरलेली आणि मागून कोरी करकरीत! डोंगरावरच्या शाळेचे मोर गुरुजी तर पिसारा फुलवून म्हणत, "दोष? अहो, दिवसभर शोधलात तरी सापडायचा नाही!"

त्यांच्याच शब्दावर विसंबून घारीने एका वर्षी त्यांचे चितळ आणले. सामन्यात दहा उड्या मारल्या आणि चितळ जे खाली बसले ते उठेचना. त्याच्या खुराला जुनी चीर होती, पण ती कुणी सांगितलीच नव्हती. दुसऱ्या वर्षी एक नीलगाय आणली. तिचेही पान मागून कोरेच. गर्दी बघताच तिची पाचावर धारण बसली आणि ती मैदान सोडून थेट झाडीत पळाली. वाघाचा संघ पोट धरधरून हसला. सिंह मात्र हसला नाही. तो म्हणाला, "पारखीबाई, आता तिसरा खेळाडू फसला, तर हे काम दुसऱ्याला देईन. मग तुम्ही खुशाल उंदीर पकडत बसा."

आता उंदीर पकडण्यात कमीपणा काही नाही, सगळ्याच घारी पकडतात. पण या घारीचा आपल्या कामावर फार जीव होता. खाली मैदानात एखादे पोर सुरेख पास देई, तेव्हा वर आभाळात हिला आनंदाने गिरकी घ्यावीशी वाटे. तेच काम हातचे जाणार, या काळजीने तिला घास गोड लागेना. तिने मनाशी खूणगाठ बांधली, की यापुढे मास्तरांनी गुण सांगितला तर तो निम्मा धरायचा, आणि चुकून दोष सांगितलाच तर तो दुप्पट धरायचा. सगळे पारखी असेच करतात म्हणे. दोनदा फसल्यावर तिचे तरी काय चुकले, सांगा बघू!

पुढच्या वर्षी ती फिरत फिरत तळ्याकाठच्या शाळेत आली. शाळा लहान होती, तिथे फारसे कुणी फिरकत नसे. तिथले मास्तर म्हणजे एक म्हातारे अस्वल. ते एका पडक्या वारुळावर बसून पोरांना शिकवत आणि मधूनमधून वारुळातली वाळवी तोंडात टाकत. "अरे कोल्ह्या, चेंडू काय अंडं आहे उबवायला? दे की पुढे!" असे ते ओरडले की अख्खे मैदान हसे, आणि कोल्हाही हसत हसत पास देई. घारीने तीन दिवस झाडावर बसून सराव पाहिला. मास्तरांना प्रत्येक पोराची खडान्‌खडा माहिती होती. कोण न खाता आलाय, कोण घरी भांडून आलाय, हेसुद्धा त्यांना चालीवरून कळे. आणि त्या पोरांत एक सांबर होते. काय खेळायचे म्हणून सांगू! तिसऱ्या दिवशी घार राहवेना म्हणून खाली उतरली.

"मास्तर, तुमचं सांबर मला हवंय. त्याचं पान द्या," ती म्हणाली.

मास्तरांनी पळसाचे पान घेतले आणि बराच वेळ नखाने कोरत बसले. घारीने पुढची बाजू वाचली. 'धाव चांगली. दोन्ही बाजूंनी पास देतो. गोलासमोर डोके शांत ठेवतो.' बस, एवढेच! मोर गुरुजींनी या सांबराची स्तुती करताना दोन पाने संपवली असती. मग तिने पान उलटले आणि तिची चोच उघडीच राहिली. मागे लिहिले होते, 'मागचा डावा पाय पावसाळ्यात मुरगळला होता. अर्धा सामना बिनघोर खेळेल. त्यापुढे खेळवला तर पाय कायमचा जाईल. पुढच्या वर्षी पूर्ण बरा होईल. चारचौघांत रागावले की रुसतो, बाजूला घेऊन सांगावे.'

"अहो मास्तर, मागच्या बाजूला कुणी लिहितं का!"

"मग ती बाजू देवानं कशाला दिली?" मास्तर म्हणाले.

घारीने आपल्या सवयीप्रमाणे गुण निम्मे केले आणि दोष दुप्पट केला. मास्तर स्वतःच अर्धा सामना म्हणतायत, म्हणजे हे सांबर पाव सामन्यातच लंगडणार! "माफ करा मास्तर, मला नाही जमायचं," असे म्हणून ती पान चोचीत धरून उडून गेली.

सांबर झुडपाआड उभे राहून सगळे ऐकत होते. ते बाहेर आले तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. "मास्तर, तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात! मोर गुरुजी आपल्या पोरांना वर ढकलतात, आणि तुम्ही माझे पाय ओढता?"

"बाळा, तुझ्या पायाचं सांगितलं नसतं तर त्यांनी तुला पूर्ण सामना पळवलं असतं," मास्तर हळूच म्हणाले. "तुझं नाव झालेलं मला बघायचंय रे. पण तुझे चारही पाय शाबूत असताना बघायचंय."

सांबराने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि ते तळ्याकडे निघून गेले. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. खरे बोलणाऱ्याला ते बोलताना किती दुखते, हे समोरच्याला कुठे दिसते? मलाही लहानपणी असे एक मास्तर लाभले होते, म्हणून सांगतो.

इकडे घार आपल्या ढोलीत परतली आणि सांबराचे पान जुन्या पानांत ठेवू लागली. ठेवता ठेवता तिच्या पंजाला एक सुकून चुरमडलेले पान लागले. तिच्या आधीच्या पारख्याने जपून ठेवलेले ते पान मागूनही भरलेले होते, आणि अक्षर अस्वल मास्तरांचे! ते पान होते राजाच्या गोलकीपरचे. सात वर्षे संघाचा गोल सांभाळणाऱ्या रानडुकराचे! मागे एकच ओळ होती. 'डावीकडून ऊन आले तर डाव्या डोळ्याने चेंडू दिसत नाही. एरवी काही अडचण नाही.'

घार तडक उडाली ती रानडुकराच्या चिखलाच्या डबक्यापाशीच उतरली. "डुक्करदादा, खरं सांगा. तुमच्या डाव्या डोळ्याला किती दिसतं?"

"ऊन नसेल तर सगळं दिसतं," रानडुक्कर चिखलातून तोंड वर काढत म्हणाले. "डावीकडून ऊन आलं की काही दिसत नाही. मास्तरांनी लिहिलंय ना पानावर?"

"लिहिलंय. पण मला वाटलं, खरा दोष त्याहून मोठा असणार."

"छे हो बाई! लिहिलंय तेवढाच आहे. तसूभर जास्त नाही की कमी नाही. म्हणून तर ऊन आलं की संघातला गवा माझ्या डावीकडे सावली करून उभा राहतो, पहिल्या दिवसापासून. मास्तरांनी ते लपवलं असतं, तर पहिल्याच सामन्यात चार गोल खाऊन मी घरी बसलो असतो. सात वर्षं खेळतोय ना, ते त्यांच्या त्या एका ओळीमुळे. रोज आठवण काढतो मी त्यांची."

खोट्या स्तुतीसाठी तयार केलेले माप आपण खऱ्या शब्दाला लावले, हे घारीच्या ध्यानात आले आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती तशीच तळ्याकाठी गेली आणि सांबराला घेऊन राजासमोर उभी राहिली. पान वाचून सिंह गुरगुरला, "लंगडं सांबर आणलंत?"

"लंगडं नाही महाराज," घार म्हणाली. "अर्ध्या सामन्याचं आहे. पण तो अर्धा सामना बघाच तुम्ही."

सामन्याच्या दिवशी नदीकाठी दोन्ही रानांची गर्दी लोटली. सांबर खेळले, आणि मुलांनो, काय खेळले! वाघाच्या संघातल्या दोन लांडग्यांच्या मधून चेंडू काढून त्याने असा गोल केला, की माकडांनी आनंदाने झाडे हलवून सोडली. मध्यंतर झाले तेव्हा सिंहाचा संघ एका गोलने पुढे होता. घारीने सांबराला बाहेर बोलावताच सिंह गरजला, "खबरदार! सांबर उतरणार नाही. हा आणखी तीन गोल करेल!"

आणि गंमत बघा, सांबरही मान उडवत म्हणाले, "बाई, पाय अगदी ठणठणीत आहे. खेळू द्या ना!"

सांबराला बाहेर काढले आणि सामना हरला, तर घारीचे काम गेलेच म्हणून समजा. राजाची मर्जी, गर्दीचा ओरडा आणि सांबराचा हट्ट, सगळेच तिच्या विरुद्ध होते. तिच्या बाजूला फक्त तळ्याकाठच्या एका म्हाताऱ्या अस्वलाचा शब्द होता. तिने सांबराला चारचौघांत काही न बोलता झाडामागे नेले आणि समजावले, "तुझे मास्तर आजवर चुकलेले मी पाहिले नाहीत. त्यांच्यासाठी थांब." मग ती सिंहासमोर येऊन बसली. "महाराज, माझं काम काढून घ्यायचं तर आत्ता घ्या. पण सांबर खेळणार नाही."

सिंह पंजा आपटणार, तोच रानडुक्कर पुढे आले. "महाराज, ज्यांनी माझ्याबद्दल लिहिलं, त्यांनीच याच्याबद्दल लिहिलंय. माझ्या बाबतीत ते खोटं निघालं का?" सिंहाने आयाळ झटकली, तोंड फिरवले आणि मुकाट्याने सांबराच्या जागी एक काळवीट उतरवले.

उरलेला सामना कसा गेला म्हणून विचारू नका! वाघाच्या संघाने सारखी मुसंडी मारली. रानडुकराने एक चेंडू पोटावर अडवला, एक पाठीवर, आणि शेवटचा तर नाकावर. घारीने अर्धा वेळ डोळे मिटूनच घेतले होते. अखेर सामना संपल्याची आरोळी झाली आणि सिंहाचा संघ त्या एकाच गोलने जिंकला. सगळे नाचू लागले. सांबरही आनंदाने उठायला गेले, तर मागचा डावा पाय कडक झालेला! दहा पावले ते लंगडत चालले, मग पाय हळूहळू मोकळा झाला. आणखी थोडा वेळ खेळलो असतो तर काय झाले असते, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही.

सिंहाने घारीची पाठ थोपटली. ती म्हणाली, "महाराज, हे कौतुक माझं नाही. ज्यांचं आहे त्यांना उद्या पोचवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी घार आणि सांबर तळ्याकाठी गेले. "मास्तर," घार म्हणाली, "माझं काम वाचलं, त्याबद्दल तुमचे आभार मानायचेच आहेत. पण त्याहून मोठं म्हणजे, कुणाचा तरी शब्द आहे तसा खरा मानता येतो, हे मी विसरून गेले होते. ते तुम्ही मला परत दिलंत. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही." मास्तरांना कौतुकाची सवय नव्हती. ते उगाच वारूळ उकरू लागले.

सांबर पुढे झाले आणि नमस्कारासाठी वाकले. "नमस्कार मागाहून. आधी तो पाय दाखव," मास्तर म्हणाले. त्यांनी गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय दाबून दाबून पाहिला. कुठेही सूज नव्हती. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांनी पोराला जवळ ओढून घेतले.

"मास्तर, चुकलो मी," सांबर एवढेच म्हणाले आणि त्यांच्या केसाळ खांद्यावर मान टाकून हमसून हमसून रडले.

तात्पर्य : आपल्या गुणांबरोबर आपले दोषही जो खरे खरे सांगतो, तोच आपले भले चिंततो. ऐकताना त्याचा राग आला तरी त्याचे आभार मानायला विसरू नये.