दोन थेंब तेल

यंत्रंसुद्धा बोलायची, तेव्हाची गोष्ट. सोफे बनवणाऱ्या उस्मानभाईंच्या दुकानात हवेच्या दाबानं पिना ठोकणारी एक पिनगन होती. नळीतून हवा आली, की तिला कंठ फुटायचा.

“पोरी, जरा नळी काढ आणि दोन थेंब घे,” तेलाची म्हातारी बुधली रोज विनवायची.

“मी हवेवर जगते, आजी. तुझा चिकटपणा नको मला!” पिनगन नाक मुरडायची आणि फटाफट कापड ठोकत सुटायची.

एक दिवस तिच्या आतलं कोरडं रबर फाटलं. फुसफुसत तिनं तेल मागितलं.

“देते गं,” बुधली कळवळली, “पण फाटलेलं तेलानं सांधत नाही.”

उस्मानभाईंनी बिघडलेल्या पिनगनला खिळ्याला टांगलं. नवी पिनगन आली. बुधलीला बघून तिनंही नाक मुरडलं.

“घे गं बाई, घे!” असं जुनीला ओरडून सांगायचं होतं. पण नळी आता नवीला जोडलेली होती.