तेलावरची रेघ

“…मग लेनवर तेल जास्त असलं की बॉल कुठला घ्यायचा, काका? एवढंच सांगा.”

नथूकाका लेनच्या कडेला उकिडवे बसून फडकं पिळत होते. बॉलिंगच्या त्या हॉलमध्ये रोज सकाळी बॉल घरंगळत जातो त्या लाकडी लेनला तेल लावायचं काम त्यांचं, गेली तीस वर्षं. शिकवणारा म्हणून त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नव्हतं. पण शहरातले चांगले चांगले खेळणारे अडले की त्यांच्यापाशीच येऊन बसत.

विचारणारा होता हेरंब. गेल्या साली शहरात पहिला आलेला, आणि ते न विसरलेला.

“तुझ्याकडे किती आहेत?”

“चार. पण रविवारच्या सामन्याला दादाचाच नेणार. आईला तसं सांगून आलोय.”

“मग मला कशाला विचारतोस?”

हेरंबने पिशवीतून निळा बॉल काढून काकांपुढं ठेवला.

त्याचा दादा सारंग याच काकांच्या हाताखाली तयार झालेला. तीन वर्षांमागे तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेला. मागे राहिला तो हा निळा बॉल. अंगठ्याचं भोक दादाच्या मापाचं, म्हणून हेरंब आत चिकटपट्टी लावून खेळे.

“टाक बघू,” काका म्हणाले. “सहा नंबरच्या लेनवर रविवारइतकंच तेल घातलंय.”

हेरंबने टाकला. बॉल तेलावरून सरळ घसरत गेला. वळायचा तिथं वळलाच नाही. टोकाला उभ्या दहा पिनांपैकी कडेची एक काय ती पडली.

दुसऱ्यांदाही तेच.

“दादाच्या हातून हाच बॉल तेलावर असा वळायचा की बघणारे उठून उभे राहायचे. माझं चुकतंय कुठं?”

काकांनी बॉल मांडीवर घेतला.

“एवढा चकाकतोय कशानं हा?”

“मी ठेवलाय तसा. दर शनिवारी गाडीचं पॉलिश लावतो. तीन वर्षांत एक शनिवार चुकवला नाही.” हे सांगताना हेरंबची मान जरा ताठ झाली.

“बघ त्यात. काय दिसतं?”

“माझं तोंड.”

“आणि सारंग?”



काकांनी खिशातून घासायचा कागद काढून पुढं केला. “तेलाला खडबडीत अंगाचा बॉल लागतो. गुळगुळीत झाला की तो कशाला धरत नाही. हाही तसाच होता पूर्वी. घास.”

हेरंबने हात मागं घेतला.

“रेघ जाईल, काका.”

अंगठ्याच्या भोकापासून दोन बोटांवर एक पुसट गोल रेघ होती. लोळताना बॉल ज्या जागी लेनला टेकतो, तिथं झिजून पडलेली. सारंगने जेवढ्या वेळा तो टाकला, त्या सगळ्याची मिळून ती एक रेघ. पॉलिश लावताना हेरंब तेवढी जागा सोडून लावायचा.

“जाईल,” काका म्हणाले.

“मग दुसरा सांगा कुठला तरी.”

“दुसरा ने. हा घरी फोटोखाली ठेव. माझी कशालाच ना नाही.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?”

काका बॉलच्या भोकात बोट घालून बसले.

“हे भोक मी पाडलंय, बाळा. त्याचा अंगठा हातात धरून माप घेतलं होतं.”

हेरंबने कागद घेतला.

तो घासत राहिला. निळं पाणी त्याच्या गुडघ्यांवर ठिबकत होतं. काका पाणी शिंपडत होते. रेघेची जागा त्याने शेवटी ठेवली… मग तीही घासली. बॉल मातीच्या मडक्यासारखा मंद झाला. त्यात आता कुणाचंच तोंड दिसेना.

“टाक.”

बॉल तेलावरून घसरत गेला. घसरतच गेला. अगदी कडेला पोचला. आता लेनच्या बाजूच्या पन्हळीत पडणार, तोच मागून कुणी हाक मारावी तसा वळला.

दहाच्या दहा पिना पडल्या.



बॉल परत आला. उचलायला हेरंब वाकला आणि तसाच थांबला. अंगठ्याच्या भोकापासून दोन बोटांवर, तेलाची एक बारीक ओली रेघ उमटली होती. गोल. त्याच जागी.

“काका…”

“दिसली मला.”

दर खेपेला बॉलला लागलेलं तेल पुसायचं, मगच पुढचा टाकायचा, नाहीतर तो हातातून निसटतो. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण हेरंब बॉल छातीशी धरून उभाच राहिला. तीन वर्षं कोरडे राहिलेले त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

काका उठले. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. खांद्यावरचं फडकं त्यांनी पुढं केलं.

“पूस. पुढचा टाकायचाय.”